आहेर बाईंनी निवडलेला डेस्कटॉप

२००४ च्या फेब्रुवारीतल्या तिसऱ्या रविवारी दुपारी शकुंतला आहेर यांनी नाशिकरोडच्या आपल्या टायपिंग क्लासातील आठ संगणकांसाठी लिनक्सचा डेस्कटॉप निवडला. त्या वेळी त्यांचा उजवा डोळा काचबिंदूने पूर्ण गेला होता. डाव्या डोळ्यात वहीच्या एका ओळीएवढे दिसणे उरले होते. हे कळले तर पालक मुलींना काढून घेतील आणि क्लास बंद पडेल, म्हणून त्यांनी ते कुणालाही सांगितले नव्हते. निवडीच्या वेळी खोलीत दोघेच होतो, त्या आणि मी. मी एका दैनिकात वार्ताहर होतो. माझी नजर दोन्ही डोळ्यांनी उत्तम होती. मला काहीही दिसले नाही.

क्लास स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर, एका पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर होता. जिन्याला चौदा पायऱ्या होत्या. सकाळी सात ते अकरा गिरणी बंद असे. ही सवलत बाईंनी गिरणीवाल्याकडून टाइपरायटरच्या काळातच मिळवली होती. कारण त्या सांगत, "गिरणी चालू असली की मला पोरींची बोटं ऐकू येत नाहीत." लोकांना हा शिस्तीचा बडेजाव वाटे. मलाही वाटे.

बाईंची शिकवण्याची पद्धत अशी होती. विद्यार्थ्याच्या दोन्ही हातांवर आणि कळांवर काळ्या कापडाची खोळ घालायची. बाई स्वतः खिडकीकडे तोंड करून, वर्गाकडे पाठ करून बसायच्या. हातात बहुधा विणकाम असे. मध्येच, मान न वळवता, त्या बोलत. "चार नंबर, डावी करंगळी झोपली." "सात नंबर, पळतेस कशाला, एसटी सुटली का?" मी १९९२ मध्ये चार नंबरवर होतो. करंगळी माझी होती. सहा महिन्यांनी मी परीक्षेत नापास झालो. बाईंनी मला बोलावून सांगितले, "तुझी बोटं चांगली आहेत, पण तू सारखा बघतोस. बघणाऱ्याला टायपिंग येत नाही. तू दुसरं काहीतरी कर." पुढच्या वर्षी मी वर्तमानपत्रात लागलो. बातम्या दोन बोटांनी टाइप करतो, अजूनही.

बाई मूळच्या देवळ्याच्या. बोलणे शहरी, नेटके. रागावल्या की मात्र अहिराणीवर जात. त्यामुळे राग किती खरा आहे हे वर्गाला लगेच कळे. लग्न झाले नव्हते. त्याबद्दल विचारणाऱ्याला त्या "मिनिटाला चाळीस शब्दांचा कुणी भेटला नाही" एवढेच सांगत. वर्गातली खुर्ची कुणी चार बोटे सरकवली तर त्या दिवशी त्याला झाडू मारावा लागे. डस्टर, खडू, पाण्याचा माठ, हजेरीची वही यांच्या जागा ठरलेल्या होत्या. हे सगळे त्यांना नीट दिसत होते तेव्हापासूनचे आहे, हे नोंदवणे गरजेचे आहे. पुढे कुणालाच काही वेगळे वाटले नाही, त्याचे अर्धे कारण हे. उरलेले अर्धे कारण आम्ही.

टाइपरायटर मागे पडू लागले तेव्हा बाईंनी बंद पडलेल्या एका कार्यालयाचे आठ जुने संगणक घेतले. ते देणाऱ्याने विंडोजची एक सीडीही देऊ केली होती, हाताने नाव लिहिलेली. बाईंनी ती परत केली. "चोरीच्या पाटीवर शिकवायचं आणि सरकारी परीक्षेला बसवायचं? नको." मग कुणीतरी त्यांना सांगितले की लिनक्स नावाची एक यंत्रणा फुकट आणि उजळ माथ्याने मिळते, आणि त्यातले तुमच्या त्या पेपरवाल्याला कळते.

पेपरवाला म्हणजे मी. मी दर बुधवारी संगणकावर सदर लिहीत असे. सदराची सामग्री इंग्रजी मासिकांतून येई. मासिकासोबत आलेल्या सीडी माझ्या ड्रॉवरमध्ये साठल्या होत्या, त्यांतल्या दोन मी घरच्या संगणकावर लावून पाहिल्या होत्या आणि एकदा संगणक चालूही झाला होता. एवढ्यावर शहरात मी तज्ज्ञ होतो.

लिनक्सची गोष्ट अशी की यंत्रणा एक असली तरी तिचा दर्शनी भाग आपण निवडायचा असतो. खिडक्या कशा उघडतील, मेनू कुठे असेल, पट्टी वर की खाली, हे ठरवणाऱ्या या भागाला डेस्कटॉप म्हणतात. गाळा तोच, दुकान आपल्या पसंतीचे. मी तीन डेस्कटॉप निवडले: केडीई, ग्नोम आणि आइसडब्ल्यूएम. प्रत्येकाला एक रविवार दिला. शिवाय एक तुलनातक्ता तयार केला, शंभर गुणांचा. वेगाला तीस, सोपेपणाला तीस, मराठीच्या सोयीला वीस, दिसण्याला वीस.

बाईंनी तक्ता मला वाचायला लावला. "चष्मा आत आहे," म्हणाल्या. शेवटच्या ओळीवर त्यांनी मला थांबवले.

"दिसण्याला किती?"

"वीस."

"सगळ्यांना शून्य धर."

मी तिन्ही रकान्यांत शून्य लिहिले आणि बाईंच्या साधेपणाचे मनात कौतुक केले.

पहिल्या रविवारी केडीई लावला. तो बोलका होता. सुरू होताना सूर वाजे, खिडकी उघडली की एक आवाज, मिटली की दुसरा. मला हा पोरकटपणा वाटला आणि मी तसे बोललो. बाई मात्र प्रसन्न झाल्या. "काय केलं ते सांगतो तरी. माणसं एवढं करत नाहीत." त्यांनी पंधरा मिनिटे नुसत्या खिडक्या उघडल्या आणि मिटल्या. मग म्हणाल्या, आणखी दोन मशीनवर लाव. तीन मशीनवर लावला आणि तीन ठिकाणी आम्ही एकदम काम सुरू केले, म्हणजे मी तीन खुर्च्यांवर पळत होतो. खोलीत लग्नाच्या बँडसारखा गलका झाला. बाई खिडकीपाशी उभ्या राहून ऐकत होत्या. "आठ मशीन असं बोलायला लागले तर पोरींची बोटं कुठून ऐकू येणार?" म्हणाल्या. आवाज बंद करता येतात असे मी सांगितले. "मग त्याच्यात राहिलं काय?" शिवाय आमच्या जुन्या मशीनवर तो सुरू व्हायला इतका वेळ घेई की तोवर बाईंचा चहा होत असे.

दुसऱ्या रविवारी ग्नोम. मला तो देखणा वाटला. बाईंनी उंदीर, म्हणजे माउस, बाजूला ठेवून फक्त कळांवर तो चालवून पाहिला. बराचसा चालला. मग त्यांनी मला एक खिडकी उघडून मिटायला आणि पुन्हा उघडायला सांगितली.

"आता कुठे उघडली?"

"जरा उजवीकडे."

"मघाशी?"

"डावीकडे होती."

"का सरकली?"

हे मला माहीत नव्हते. मासिकात नव्हते. "सरकली तर सरकली बाई, डोळ्यासमोरच तर आहे," मी म्हणालो.

त्यांनी मला खिडकी मिटायला लावली. मग म्हणाल्या, "माझ्या वर्गात खुर्ची सरकवलेली चालते का?"

तिसऱ्या रविवारी आइसडब्ल्यूएम. माझ्या तक्त्यात तो शेवटचा होता. हलका, जलद आणि दिसायला दरिद्री. खाली एक पट्टी, बाकी काही नाही. मी माफी मागतच तो दाखवला. पण त्यात एक सोय होती. कोणती कळजोडी दाबली की काय उघडेल, हे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिता येई. खिडकी दर वेळी पडदाभर, त्याच जागी उघडेल असेही ठरवता येई. मी हे सहज, जाता जाता सांगितले. बाई खुर्ची ओढून बसल्या.

"म्हणजे कुठली वस्तू कुठे ठेवायची ते आपण ठरवायचं?"

"हो, पण सगळं हातानं लिहावं लागतं."

"मग लिही."

त्यांनी सांगितले आणि मी अकरा ओळी लिहिल्या. नवे पान या कळेवर, मराठी त्या कळेवर, छपाई आणखी तिसरीवर. कुठलीही जोडी दाबताना हात मधल्या ओळीवरून उठता कामा नये, ही अट. प्रत्येक ओळ मी मोठ्याने वाचून दाखवायची, चिन्हांसकट. अकरा ओळींत माझ्या चार चुका निघाल्या. त्या चारही बाईंनी ऐकून काढल्या. मग त्यांनी पार्श्वभूमीचे चित्र काढायला लावले. पडदा काळा झाला. आठही उंदीर त्यांनी शेपट्या गुंडाळून कपाटात ठेवले आणि कुलूप लावले. संगणकासोबत आलेले मऊ कळफलक परत गेले. त्यांच्या जागी भंगारवाल्याकडून जुने, खडखडणारे कळफलक आले. बाईंच्या एक नंबर मशीनचा पडदा तर कायम बंदच असे. "मला लागत नाही," त्या म्हणत. मी त्याची नोंद वीजबचत अशी केली.

वर्ग सुरू झाला. एकोणीस मुली होत्या, बऱ्याच सायखेड्याच्या बाजूने एसटीने येणाऱ्या, मशीनवर आळीपाळीने बसणाऱ्या. बाई पूर्वीसारख्याच खिडकीकडे तोंड करून बसत. एकच गोष्ट नवी होती. मध्येच त्या एखादीला सांगत, "पाच नंबर, स्क्रीनवर काय आहे ते मोठ्यानं वाच." मुलगी वाचे आणि वाचता वाचता तिला स्वतःचीच चूक सापडे. मला ही पद्धत फार आवडली.

एप्रिलमध्ये मला बुधवारसाठी विषय नव्हता. मी बाईंवर लिहिले. मजकूर विनोदी होता. काळा पडदा, कुलपातले उंदीर, भंगारातले कळफलक, बंद ठेवलेले एक नंबर मशीन, मोठ्याने वाचायला लावणे, न सरकणारी खुर्ची, सारे त्यात होते. दिसण्याला शून्य गुण ही जागा मी खुलवून लिहिली होती. मथळाही माझाच: 'बाई स्क्रीनकडे बघत नाहीत'. लेखातली एकही वस्तुस्थिती चुकीची नव्हती. मी दोनदा तपासून पाहिले होते.

त्या दिवशी अंक घेऊन मी क्लासात गेलो. मुली गेल्या होत्या. बाईंनी अंक हातात घेतला, घडी उलगडली, परत माझ्याकडे दिला. "तूच वाच. तुझ्या तोंडून ऐकू." मी वाचला. दोन ठिकाणी त्या हसल्या. लेख संपला तेव्हा त्यांनी विचारले, "छापून झालं?"

"हो, आजच्याच अंकात."

"मग मला कशाला वाचून दाखवतोस?"

आधी विचारले नाही म्हणून त्यांना राग आला असावा, असे मला वाटले. जिना उतरताना मी पुढच्या बुधवारचा विषय शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला सायखेड्याचे एकनाथ भोर क्लासात आले. त्यांची मुलगी सुनीता तीन नंबरवर बसे. पुढचा संवाद मला बाईंनी आणि सुनीताने वेगवेगळा सांगितला. जो भाग दोघींच्या सांगण्यात सारखा आहे तेवढाच येथे देतो.

भोर म्हणाले, "बाई, राग मानू नका. तुम्हाला दिसतं का नाय?"

"कोण म्हणतं?"

"पेपरात आलंय."

"पेपरात तसं नाही आलेलं."

"लिवलेलं नाय, पण आलंय ना. आमच्या आईचं असंच झालं होतं. वस्तू हालवल्या का ओरडायची. मी वाचलं आन् तवाच समजलो."

बाईंनी विणकाम खाली ठेवले. "नाही दिसत," त्या म्हणाल्या.

"मग शिकवता कसं?"

"तुमच्या पोरीला विचारा, मी कधी तिच्या मशीनकडे बघून शिकवलं का?"

"नाही दादा," सुनीता म्हणाली, "बाई पाठ करूनच बसतात."

"आगं, तेच तर म्हणतोय मी!"

ते सुनीताला घेऊन गेले. सुनीता जाताना मशीन बंद करायला विसरली, असे बाईंनी सांगितले. सुनीताने हे मान्य केलेले नाही. पुढच्या आठ दिवसांत आणखी अकरा मुली गेल्या. पालक वाईट बोलत नव्हते. घरी पाहुणे आहेत, एसटीची वेळ जमत नाही, अशी कारणे देत होते. अकरा वर्षांच्या नोकरीत मी दिलेली ती एकमेव खास बातमी. ती आपण दिली आहे हे मला नवव्या दिवशी, गिरणीवाल्याकडून कळले.

मी वर गेलो. पायांच्या आवाजावरून त्यांनी ओळखले असावे, कारण मी बोलायच्या आधीच त्या बोलल्या.

"तुले काहीच दिखत नही का रे?"

अहिराणी होती. म्हणजे राग खरा होता.

"नाही दिसलं, बाई."

"तीन रविवार शेजारी बसलास."

"हो."

"मला वाटायचं, याला कळलंय आणि हा सांभाळून घेतोय. अकरा ओळी वाचून दाखवल्यास तेव्हा तर खात्रीच झाली. म्हटलं, पोरगा नापास झाला खरा, पण शहाणा निघाला." त्यांनी विणकाम उचलले. "पत्रकार! तुझं आणि माझं सारखंच म्हणायचं. तुला फक्त त्याचा पगार मिळतो."

मी दुरुस्ती छापून आणतो म्हणालो. तसे बोलणे वर्तमानपत्रातल्या माणसाला सोपे जाते.

संपादकांनी लेख पुढे ओढला. "चूक कुठं आहे?"

"चूक नाही, साहेब."

"नाव चुकलंय? पत्ता?"

"नाही."

"मग दुरुस्ती कशाची करायची?"

त्यांनी लेख पुन्हा वाचला. "चांगला आहे की," म्हणाले.

हे मी बाईंना जसेच्या तसे सांगितले. त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "दुरुस्ती राहू दे. जाहिरात घे लिहून." मी पेन काढले. "पेन नको. एक नंबरवर बस. मला ऐकू येऊ दे." मी दोन बोटांनी टाइप केले. त्यांनी मजकूर एकदाच सांगितला. त्यात बदल केला नाही:

इंग्रजी व मराठी टायपिंग, संगणकावर. शिक्षिकेला दिसत नाही. विद्यार्थ्यांनीही कळांकडे पाहू नये. नवा वर्ग सोमवारी सकाळी सात. आहेर, गिरणीच्या वर.

"बाई, हे दुसरं वाक्य..." मी म्हणालो.

"तू तेच छापलंस ना? तुझ्या लेखाला मोठी जागा लागली. माझं तीन शब्दांत झालं."

जाहिरात विभागातल्या माणसानेही तेच वाक्य काढू का म्हणून विचारले. छपाईची चूक वाटेल, असे त्याचे म्हणणे होते. मी ठेवायला सांगितले. त्या जाहिरातीचे प्रूफ मी तीनदा वाचले.

त्याच आठवड्यात माझी जळगावला बदली झाली. मंगळवारी हजर व्हायचे होते. सोमवारी सकाळी पावणेसातला मी गिरणीसमोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहिलो. वर जाण्याचे धाडस झाले नाही, आणि नाही गेलो तेच बरे झाले. माझी बाईंना गरज नव्हती, आणि जिना अरुंद होता.

बाई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या. पांढरी साडी, हातात हजेरीची वही. वही उघडलेली नव्हती. आधी क्लास न सोडलेल्या सात मुली आल्या. प्रत्येकीचे पाऊल पडले की बाई एक नाव घेत आणि ती "हो बाई" म्हणून आत जाई. मग चाळिशीची एक स्त्री आली, हातात जाहिरातीचे कात्रण घेऊन. पाचव्या पायरीवर तिचे पाऊल पडले तेव्हा बाई म्हणाल्या, "नवीन आहात. डावीकडे कठडा आहे, धरा." ती थबकली, वर पाहिले आणि कठडा धरला.

सात वाजायला दोन मिनिटे असताना सायखेड्याकडची एसटी चौकात थांबली. एकनाथ भोर उतरले. मागून सुनीता. भोर जिन्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. खालून वर पाहत ते म्हणाले, "बाई, जाहिरात वाचली. हिला आणलंय."

"ऐकलं," बाई म्हणाल्या. "उशीर झालाय."

"यष्टी लेट होती."

"तिला बोलू द्या."

"यष्टी लेट होती, बाई," सुनीता म्हणाली.

"वर ये. तुझं मशीन तू त्या दिवशी चालू ठेवून गेलीस."

"नाही बाई, बंद केलं होतं."

हा वाद दोघी जिन्यावर करत करत आत गेल्या. भोर खाली गिरणीच्या ओट्यावर बसले. त्यांनी चप्पल काढून शेजारी ठेवली. सात वाजून तीन मिनिटांनी वरून कळफलकांचा आवाज सुरू झाला. भोर मान वर करून ऐकत होते. थोड्या वेळाने बाईंचा आवाज आला.

"तीन नंबर, उजवा अंगठा."

त्या दिवशी नऊ विद्यार्थिनी हजर होत्या.